मागचं हौसिंग वळणावर थडथडतंय: प्लेटा गेल्या की नुसतं ऑइल?

चिकोडी_सडक
नमस्कार मंडळी. गाडीची भानगड आहे, जरा सविस्तर लिहितो.

गाडी डबल कॅब डिझेल पिकअप, फोर बाय फोर, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. टाकलं की दहाव्या प्रतिसादाला धागा 'आमची गाडी, तुमची गाडी'वर जातो. मागच्या ॲक्सलला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एलएसडी) आहे, म्हणजे चिखलात एकच चाक फिरत राहू नये म्हणून दोन्ही चाकांना थोडं जोडून धरणारं. माझा धंदा ठिबकच्या पाइप-फिटिंगचा. चिकोडी, रायबाग, अथणी भागात पार शेतापर्यंत माल पोचवायचा असतो आणि काळ्या रानात पाऊस पडल्यावर साधी गाडी रुतून बसते, म्हणून ही घेतली.

सर्व्हिसिंगला हौसिंगचं, म्हणजे हे डिफरन्शियल ज्या पेटीत बसतं तिचं, ऑइल बदललं आणि थोड्याच दिवसांत तक्रार सुरू झाली. गाडी गरम झाली की हळू वेगात, स्टेअरिंग पूर्ण तोडून वळताना मागून थड-थड-थड. नुसता आवाज नाही, सीटखालून दणके बसतात. गल्लीच्या तोंडाला वळलो की शेजारचे अण्णा कट्ट्यावरून उठून बघतात. सरळ रस्त्याला काही नाही.

दुसरी तक्रार वेगळी आहे की त्यातलीच, ते कळत नाही. सावंतवाडीला माल घेऊन गेलो होतो. आंबोली घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी गिअरवर सोडली की मागनं 'ऊंऽऽ' अशी बारीक शीळ. येताना तोच घाट चढलो, आवाज गायब!

गॅरेजवाला म्हणतो एलएसडीतल्या प्लेटा गेल्या, हौसिंग उतरवायला लागणार, पार्ट पुण्याहून मागवू. दुसरा म्हणतो, एलएसडी काढून टाका, साधं डिफरन्शियल बसवा, कटकट मिटली. कुणाचं ऐकू?

नव्वद_नंबर
सध्या गळीत हंगाम आहे. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी लावा. त्याच्या स्पीकरपुढं तुमचं हौसिंग काय, हॉर्नसुद्धा ऐकू येणार नाही. शून्य खर्च.

दहाचाकी
पैला प्रश्न. फोर बाय फोर काढून चालवतोयस न्हवं? आमच्या वळखीतला एकजण रानातनं बाहेर पडला आणि लिव्हर तसाच ठेवून निपाणीच्या बाजारात फिरला. वळताना गाडी अशी दणके द्यायची की त्यानं क्रॉस (प्रॉपेलरचे सांधे) बदलले, सेंटर बेरिंग बदललं, शेवटी कोणतरी आत डोकावून लिव्हर खाली केला.

चिकोडी_सडक
काढलेलंच असतं दादा. तरी परवा खाली वाकून बघितलं, पुढचा प्रॉपेलर (गिअरबॉक्सकडून ॲक्सलला ताकद नेणारा दांडा) टू व्हीलला मोकळा आहे. ते कारण नाही.

उद्यमबाग_फिटर
दहाचाकींनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं. कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्ये वळलं की हुबेहूब असेच दणके येतात, त्यामुळं ते आधी बाजूला काढायलाच पाहिजे. आता पुढचं.

तुमचे आजार दोन आहेत. एकाच पिशवीत घालू नका. वळतानाची थडथड वेगळी, घाटातली शीळ वेगळी.

आधी थडथड. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. मागच्या दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर एका पूर्ण यू-टर्नमध्ये बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण पावणेपाच मीटर जास्त फिरतं, वळण लहान असो की मोठं. मोठ्या वळणात तो फरक सावकाश पसरतो, गल्लीच्या तोंडाला दोन-तीन सेकंदांत उरकावा लागतो. साध्या डिफरन्शियलमध्ये आतले स्टार गिअर फिरून हा फरक गिळतात, त्याला कुणाची आडकाठी नसते. म्हणूनच चिखलात एक चाक हवेत फिरलं की सगळी ताकद तिकडंच पळते.

तुमच्याकडं बहुतेक प्लेटावालं एलएसडी आहे. साइड गिअरच्या मागं प्लेटांची चळत असते, एक स्टीलची, एक फ्रिक्शनची, आणि स्प्रिंग त्यांना दाबून धरते. हेतू असा की दोन्ही चाकांनी शक्यतो एकत्र फिरावं. वळताना मात्र त्या प्लेटांना एकमेकींवरून घसरावंच लागतं. ही घसरण गुळगुळीत व्हावी म्हणून ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर असतो. तो नसला की प्लेटा चिकटतात, ताण वाढतो, एकदम सुटतात, परत चिकटतात. सेकंदाला कितीतरी वेळा. तीच तुमची थडथड. ऑइल बदलल्यावर सुरू झाली म्हणता, तर माझा संशय प्लेटांवर नंतर, ऑइलच्या डब्यावर आधी.

गॅरेजमध्ये कोणतं ऑइल घातलं ते विचारा. 'नव्वद नंबर' (सगळीकडं ओततात ते साधं गिअर ऑइल) असं उत्तर आलं की समजून जा.

नव्वद_नंबर
माझं नाव का मध्ये घेताय?

शंकासुर
फिटरसाहेब, थिअरी ठीक आहे. पण आपल्याकडं हे एलएसडी वगैरे लाड परवडतात का? मेकॅनिकला कळत नाही, पार्ट मिळत नाही, ऑइल वेगळं. माझ्या मेहुण्यानं काढून साधं घातलं, दोन वर्षं निवांत आहे. रुतली तर ट्रॅक्टर बोलवायचा. प्रत्येक वस्तीवर एक तरी आहेच.

दहाचाकी
मेहुणा रानात जातोय का मेहुणा नुसता कारखान्याच्या ऑफिसला जातोय? ऑक्टोबरात अथणीकडच्या काळ्या रानात माल भरून जाऊन बघा म्हणावं. आणि ट्रॅक्टरवाला फुकट येतोय व्हय? डिझेल, वर चहा, वर 'सावकार, गाडी घेताना विचारायचं की' हे ऐकायचं.

आमच्या टिपरला एलएसडी नाही, लॉक हाय. खडीच्या खाणीत बटन दाबायचं, दोन्हीकडची चाकं एकजीव, बाहेर आलं की सोडायचं. नवीन पोरं लॉक तसंच ठेवून डांबरावर वळवतात. मग टायर खरवडतात, कधी एक्सल शाफ्टच पिळून तुटतो. एकानं तर वैतागून स्टार गिअर वेल्डिंगच मारून टाकले होते. सरळ रस्त्याला झकास. पहिल्या वळणाला टायरनं रस्त्यावर सही केली.

जुना_फोरमन
वेल्डिंगचा विषय निघाला म्हणून सांगतो, ते रस्त्यावरच्या गाडीला करू नये. ओल्या रस्त्यावर वळताना गाडी सरळच जायला बघते.

बैलगाडी हाकलेल्यांना हे लवकर समजेल. वळणावर बाहेरचा बैल दोन पावलं पुढं टाकतो, आतला जागेवर पाय फिरवतो. जू थोडं खेळतं म्हणून जमतं. जू आणि मान करकचून बांधली तर जोडी वळणारच नाही. साधं डिफरन्शियल म्हणजे दोन्ही बैल मोकळे, वेल्डिंग म्हणजे करकचून बांधलेले, एलएसडी मधलं. त्या मधल्याला सैल होण्यापुरतं वंगण लागतं, एवढंच फिटर म्हणतायत.

आता शीळ. आम्ही डेपोत असताना हौसिंग खोलण्याआधी ड्रायव्हरला प्रश्न विचारायचो: आवाज कधी? ओढताना, सोडल्यावर, की कायम? अर्धा निकाल तिथंच लागतो.

ओढताना आवाज आणि सोडल्यावर बंद: क्राउनच्या (हौसिंगमधल्या मोठ्या गोल गिअरच्या) दातांची ओढीची बाजू किंवा पिनियनचं (प्रॉपेलरच्या टोकाला असलेल्या, क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचं) बेरिंग. सोडल्यावरच आवाज, ओढताना बंद: दातांची उलटी बाजू घासतेय, किंवा पिनियनचा नट-बेरिंग सैल पडलंय. तुमची गाडी घाट उतरताना बोंबलते, चढताना गप्प, म्हणजे मी पिनियनकडं बघेन. दोन्हीकडं सारखाच घरघराट येत असेल आणि स्टेअरिंग जरा डावी-उजवीकडं हलवल्यावर कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेरिंग. रस्ता बदलला की आवाज बदलतो, डांबरावर एक आणि सिमेंटवर दुसरा, तर टायर. गाडी सुटताना किंवा गिअर टाकल्यावर एकच 'कट्ट' वाजलं तर क्रॉस, स्प्लाइन (दांड्यावरच्या खाचा) किंवा दातांमधला खेळ.

हे सपाट, मोकळ्या रस्त्याला तपासायचं. एकाच वेगाला आधी ओढून, मग पाय काढून, मग न्यूट्रल करून. न्यूट्रलमध्येही तोच आवाज तसाच राहिला तर टायर-बेरिंगवर संशय वाढतो. न्यूट्रलची परीक्षा घाटात करू नका. हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

तवंदी_घाट
फोरमनकाका, +१. वाचनखूण साठवली. 'कधी वाजतंय' हे विचारणारा मेकॅनिक हल्ली भेटत नाही. पान्याची पेटी आधी उघडतात.

उद्यमबाग_फिटर
फोरमनसाहेबांच्या यादीत एक भर. आवाज मोजता येतो का ते बघायचं. चाळीसच्या वेगाला अशा गाडीचं चाक सेकंदाला साधारण पाच फेरे मारतं. पिनियन आणि प्रॉपेलर क्राउनच्या रेशोइतके जास्त, म्हणजे रेशो चारच्या आसपास असेल तर सेकंदाला वीस. 'टक-टक-टक' असं ताल धरून ऐकू येत असेल तर चाक, क्राउन किंवा एक्सलच्या वेगाचं काहीतरी. सलग गुणगुण किंवा थरथर असेल तर प्रॉपेलर-पिनियनच्या वेगाचं. आणि शीळ म्हणजे दातावर दात, त्याहून कितीतरी जलद. यंत्र लागत नाही, कान लागतो.

संकेश्वर_स्पेअर
मी स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसते, त्यामुळं दुसऱ्या बाजूनं सांगते.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं 'हौसिंगचं ऑइल द्या'. दहातले नऊजण एवढंच बोलतात. मी दोन प्रश्न विचारले की त्यांना वाटतं बाईला माहीत नाही म्हणून विचारतेय. मग पोरगा आतून आणतो जे समोर असेल ते.

डब्यावर तीन गोष्टी वाचा. एक, घट्टपणा: ८०डब्ल्यू-९०, ८५डब्ल्यू-१४० वगैरे, गाडीच्या पुस्तकात जो असेल तो. दोन, ऑइलची प्रत: जीएल-४ की जीएल-५. हौसिंगला जीएल-५ लागतं, कारण तिथला पिनियन क्राउनच्या मध्याच्या खाली बसतो आणि दात एकमेकांवर घसरत चालतात. तो दाब सोसायला गंधक-फॉस्फरसची ॲडिटिव्हं जास्त लागतात. तो उग्र वास त्यांचाच. गिअरबॉक्सला मात्र सगळीकडं जीएल-५ ओतू नका, गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही. तीन, आणि तुमच्यासाठी हेच महत्त्वाचं: 'एलएसडी' किंवा 'एलएस' लिहिलंय का. लिहिलं असेल तर मॉडिफायर आत मिसळलेला आहे. नसेल तर वेगळी छोटी बाटली मिळते, ती घालायची. अमेरिकन ॲक्सलांना चार औंसांची, म्हणजे ११८ मिलीच्या आसपासची बाटली नेहमी वापरतात. तुमच्या हौसिंगला किती ते पुस्तकात बघा, अंदाजानं ओतू नका. जास्त झालं की प्लेटा नको तेव्हाही घसरतात आणि एलएसडी असून नसल्यासारखं होतं.

आणि सुटं ऑइल घेऊ नका. बॅरलमधून मापानं काढून दिलेल्याला ना नंबर ना नाव.

शंकासुर
ताई, हे सगळं ऑइल विकायचं मार्केटिंग. आमच्या वडिलांनी चाळीस वर्षं एकच नव्वद नंबर सगळीकडं घातला.

संकेश्वर_स्पेअर
दादा, वडिलांच्या गाडीला प्लेटा होत्या का? नसतील तर त्यांचं बरोबरच होतं. साध्या डिफरन्शियलला मॉडिफायर लागतच नाही, मी विकणारही नाही. गिअरवालं एलएसडी असतं, तिरप्या दातांचं, टॉर्सन म्हणतात, त्यालाही सहसा मॉडिफायर लागत नाही. म्हणून आधी आत काय आहे ते बघा म्हणते.

मलप्रभा_काठ
थोडं अवांतर. हे एलएसडी शर्यतीच्या गाडीसाठी जन्मलंय हे माहीत होतं का? फर्डिनांड पोर्शेनं १९३२ मध्ये ऑटो युनियनसाठी शर्यतीची गाडी आखली. ताकद एवढी की मागचं एक चाक जागेवर फिरत राहायचं. मग १९३५ मध्ये त्यानं झेडएफ कंपनीला असलं डिफरन्शियल करायला सांगितलं. आता तेच रायबागच्या उसात ठिबकच्या पाइपा वाहतंय.

दहाचाकी
पोर्शेला सांगा, सर्व्हिसिंगला चिकोडीत आण म्हणावं.

खानापूरकर
टायर कुणी विचारलेच नाहीत. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, सारखे झिजलेले आहेत का? एक नवा आणि एक गुळगुळीत असला की एकाचा घेर लहान. म्हणजे सरळ रस्त्यावरही एक चाक सतत जास्त फिरणार आणि प्लेटा दिवसभर घासत राहणार. साध्या गाडीला चालून जातं, एलएसडीला नाही. माझ्या जुन्या गाडीत हेच झालं. जांबोटीजवळ एक टायर फाटला, रस्त्यात मिळेल तो घातला आणि तसाच चोर्ला करत राहिलो. पुढं ऑइल काढलं तेव्हा जळका वास. हवेचा दाबही दोन्हीकडं सारखा ठेवा.

चिकोडी_सडक
एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. उत्तरं देतो.

गॅरेजला फोन केला. उत्तर शब्दशः: 'सगळ्या गाड्यांना घालतो तेच घातलंय.' एवढंच पुरे. हौसिंगच्या एका बोल्टला पत्र्याची चकती आहे, चिखलात बुडालेली. ब्रशनं घासली तर तिच्यावर इंग्रजीत 'फक्त एलएसडी ऑइल' असं कोरलेलं निघालं. टायर मागचे दोन्ही एकाच कंपनीचे, खाचा जवळजवळ सारख्या. खानापूरकरांचा मुद्दा माझ्याकडं लागू नाही, पण डाव्या चाकात हवा बरीच कमी होती, ती भरली.

आता स्वतः ऑइल काढायचा विचार आहे. आधी काय बघू?

उद्यमबाग_फिटर
आधी वरचा, भरायचा प्लग सुटतो का बघा. खालचा काढून ऑइल सांडल्यावर वरचा गंजून बसलाय हे कळलं तर गाडी दारातच राहते.

गाडी थोडी फिरवून आणा, ऑइल गरम असलं की गाळ घेऊन उतरतं. खालच्या प्लगला चुंबक असेल. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर घाबरू नका, ती रोजची झीज. बोटांत चुरगळून बघा. चकचकीत कपच्या, सुईसारखे तुकडे किंवा दाताचा कोपरा लागला तर मात्र झाकण उघडायलाच लागणार. ऑइल दुधी-चॉकलेटी असेल तर पाणी गेलंय. काळं आणि करपट वासाचं असेल तर प्लेटा तापल्यात.

ब्रीदर विसरू नका. हौसिंगच्या वर छोटी टोपी किंवा नळी असते. रानातल्या चिखलानं ती बुजली की आतली गरम हवा बाहेर पडत नाही, दाबानं पिनियनच्या सीलमधून ऑइल ढकलते. आणि तापलेलं हौसिंग पाण्यात बुडालं की आत आकसलेली हवा सीलमधूनच पाणी ओढते. उसाच्या पट्ट्यातल्या गाड्यांत ब्रीदर साफ असलेला मला क्वचितच दिसतो.

प्लेटांत जीव आहे का हे न खोलता बघायची पद्धत: मागची दोन्ही चाकं उचला, हौसिंगखाली स्टँड लावा, पुढच्या चाकांना ओटी (अडवायला दगड) लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हातानं फिरवा. दुसरं त्याच दिशेनं फिरलं तर प्लेटांची पकड शिल्लक आहे. उलट दिशेनं फिरलं तर प्लेटा झिजल्यात, किंवा आत साधंच डिफरन्शियल आहे. नेमका आकडा हवा तर एकच चाक उचलून हबवर टॉर्क रेंच लावतात आणि किती जोराला सुटतं ते पुस्तकाशी ताडून बघतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एलएसडीच्या गाडीचं एकच चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. साध्या गाडीत वर उचललेलं चाक नुसतं फिरतं. इथं खालच्या चाकालाही ओढ मिळते आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

तवंदी_घाट
शेवटचा परिच्छेद संपादकांनी ठळक करावा अशी विनंती.

हलशी_वाट
रुतण्याबद्दल एक युक्ती. एक चाक अगदी हवेत गेलं की एलएसडीही थंड पडतं. अशा वेळी हँडब्रेक एक-दोन खटके ओढून हळू ॲक्सिलरेटर द्यायचा. फिरणाऱ्या चाकाला अडवणूक होते आणि दुसऱ्याकडं थोडी ताकद जाते. बाहेर पडल्यावर हँडब्रेक सोडायला विसरू नका, नाहीतर पुढचा धागा ड्रम जळल्याचा.

नव्वद_नंबर
ट्रॅक्टरला टाचेखाली लॉकचं पेडलच असतं. शंकासुर म्हणतात तसं ट्रॅक्टर बोलवायचाच, तर डायरेक्ट ट्रॅक्टरच घ्या. स्पीकरसकट.

चिकोडी_सडक
अपडेट.

रविवारी भावाला घेऊन काम केलं. वरचा प्लग खरंच बसला होता, पाइप लावून सोडवला. जुनं ऑइल नवीनच भरलेलं, त्यामुळं फार काळं नाही, पण वास थोडा करपट. चुंबकावर राखाडी लेप, बोटांत चोळला, कपची एकही नाही. दुधीपणा नाही. ब्रीदरची टोपी मात्र चिखलानं पार लिंपलेली, डिझेलमध्ये बुडवून तारेनं मोकळी केली. दोन्ही चाकं स्टँडवर घेऊन फिरवली. दुसरं चाक त्याच दिशेनं फिरलं, चांगलं जड.

मग पुस्तकात दिलेलं एलएसडीचं जीएल-५ घातलं, गाडी सपाटावर ठेवून भोकातून ओघळेपर्यंत. आता?

उद्यमबाग_फिटर
आता ते ऑइल प्लेटांच्या मधे शिरायला हवं. मोकळं पटांगण बघा आणि सावकाश इंग्रजी आठचे आकडे काढा. डावीकडं तेवढेच, उजवीकडं तेवढेच, आठ-दहा तरी. वेग चालण्यापेक्षा थोडा जास्त. गाडी आधी गरम करा. पहिल्या फेऱ्यांना थडथडेल, ऐकत राहा, ती कमी होत जाते की नाही ते महत्त्वाचं. एकदम गेली नाही तर थोडे दिवस चालवून परत करा. तरीही तसंच राहिलं तर प्लेटांचा पृष्ठभाग काचेसारखा झालाय, मग उघडून बघायचं. स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग दिसले तर त्या तापून गेल्यात.

चिकोडी_सडक
बाजार समितीच्या आवारात संध्याकाळी केलं. वॉचमनला वाटलं मी लायसन्सची टेस्ट देतोय. नंतर तो खुर्चीच घेऊन बसला.

सुरुवातीला दणके तसेच. मग बारीक झाले, शेवटी उजव्या वळणाला बंद आणि डाव्याला अगदी पुसट. आठवड्यानंतर आता गल्लीत वळताना काही जाणवत नाही. अण्णाही उठत नाहीत.

पण शीळ तशीच आहे. हायवेला तवंदी उतरताना परत ऐकली.

जुना_फोरमन
ती जायलाच नको होती. तिचा मॉडिफायरशी संबंध नाही.

गाडीखाली जाऊन प्रॉपेलर जिथं हौसिंगला बोल्टनं जोडलाय तो फ्लँज दोन्ही हातांनी धरा. वर-खाली आणि पुढं-मागं ढकला. गोल फिरवल्यावर थोडा खेळ लागणारच, तो दातांमधला, त्याचं काही नाही. पण वर-खाली किंवा पुढं-मागं हलला तर पिनियनचं बेरिंग सैल. सीलजवळ ऑइल आहे का तेही बघा. कुणाला तरी सांगून चाकं फिरवा आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हौसिंगच्या नाकावर, मूठ कानाला. खरखर आली तर बेरिंगची धाव (ज्या कडीवर ते फिरतं ती) खाल्लीय.

चिकोडी_सडक
पुढं-मागं हलतोय. फार नाही, पण बोटाला कळतो. सीलभोवती ऑइलची ओल आणि त्यावर माती चिकटलेली. गॅरेजवाल्याला दाखवलं तर म्हणाला, 'त्यात काय, नट आवळून देतो, पाच मिनिटांचं काम.'

उद्यमबाग_फिटर
थांबा! आवळू देऊ नका.

बऱ्याच हौसिंगमध्ये पिनियनच्या दोन बेरिंगांमधे दबणारी नळी असते. नट आवळताना ती ठरावीक दबते आणि त्यावरून बेरिंगवरचा दाब ठरतो. ती एकदाच दबायची वस्तू आहे. आडमाप आवळला तर बेरिंग जाम होऊन तापतं आणि थोड्याच दिवसांत शिळेचा किंचाळा होतो. कमी आवळला तर जैसे थे. शिवाय बेरिंगच झिजलं असेल तर नट आवळून झीज भरून येत नाही. बेरिंग, सील, नवी नळी आणि नवा नट, सगळं बदलून पिनियन फिरवायला किती जोर लागतो तो मोजूनच बसवायचा. पिनियनमागची शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) जशी होती तशी परत घाला. शेवटी दातांना रंग लावून घासणीचा ठसा बघायचा. तो दाताच्या मधोमध यायला हवा. 'अंदाजानं बसवतो' म्हणणाऱ्याकडं हे काम देऊ नका.

शंकासुर
म्हणजे शेवटी खोलायलाच लागलं ना? पहिल्या दिवसापासून गॅरेजवाला तेच म्हणत होता.

संकेश्वर_स्पेअर
तो प्लेटा बदला म्हणत होता, दादा. प्लेटा ठणठणीत आहेत. तो पुण्याहून हजारोंच्या प्लेटा आणून घालणार, आणि घाट उतरताना शीळ तशीच. खोलणं आणि खोलणं यात फरक आहे.

चिकोडी_सडक, पिनियनची दोन्ही बेरिंगं आणि सील या भागात मिळायला अडचण नाही, जुन्यावरचा नंबर घेऊन या. नळी आणि नट मात्र तुमच्या गाडीचेच मागवायला लागतील. डब्यावरचा शिक्का नीट बघून घ्या, बेरिंगमध्ये डुप्लिकेट फार येतात.

शंकासुर
मान्य. मेहुण्याच्या गाडीचं मात्र अजूनही निवांत चाललंय, हे नमूद करतो.

दहाचाकी
मेहुण्याला एकदा रानात पाठवाच.

चिकोडी_सडक
नळी आणि नट मागवलाय. बेळगावात मोजून बसवणारा एकजण कळलाय, हौसिंगचं नाक उतरवून त्याच्याकडंच नेणार. तोवर घाट टाळतोय, सपाटावरच माल पोचवतोय, आणि सीलखाली गळती वाढते का ते दर दोन दिवसांनी बघतोय. फिटर, फोरमनकाका, संकेश्वरच्या ताई, सगळ्यांचे आभार.

उद्यमबाग_फिटर
काम करताना एलएसडीचं ऑइल परत काढायला लागेल. स्वच्छ डब्यात झेललं तरी तेच परत घालू नका, बेरिंगचा चुरा त्यात असतो. नव्या ऑइलचा खर्च धरूनच ठेवा. आणि काम झाल्यावर पुन्हा आठचे आकडे.

नव्वद_नंबर
वॉचमनला आधी कळवा, खुर्ची टाकून ठेवील.

नवीन_सभासद_कागवाड
धागा आजच वाचला. माझ्या जीपला एलएसडी आहे की नाही कसं कळणार? पुस्तक हरवलंय, चकती नाही.

संकेश्वर_स्पेअर
फिटरदादांचा दोन चाकं उचलायचा प्रतिसाद वर आहे, तो करून बघा. दुसरं चाक उलटं फिरलं तरी 'साधंच आहे' असं लगेच ठरवू नका. झिजलेल्या प्लेटा आणि काही गिअरवाली एलएसडीही तसंच करतात. हौसिंगवर ठोकलेला ॲक्सलचा नंबर घेऊन दुकानात या, यादीत बघून सांगते. आणि उचलताना दोन्ही चाकं, स्टँडवर. नुसत्या जॅकवर नाही.